बेसमेंटमधले ग्रीक देव

करमरकर सर जेवायला बसले की पहिला घास काढून बाजूला ठेवायचे. यात तसं नवल काही नाही. माझे सासरेही पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे. पण सर तो घास पिझ्झाचा असला तरी काढायचे. कागदी प्लेटच्या कडेला, दोन बोटांनी नीट ठेवायचे आणि पुटपुटायचे, "आधी हेस्तियाला." मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, असेल एखादं कोकणातलं कुलदैवत; तिथे काय, नावांना तोटा नाही. मी भाबडेपणानं विचारलं, "हे देवस्थान कुठे आलं, सर?"

"चुलीत," सर म्हणाले. "ग्रीसच्या चुलीत. तुमच्या स्टोव्हवरही असेल. बघितलंत का कधी?"

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. अरुणला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळ नोकरी लागली होती आणि मी जवळच्याच एका कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसात टाइपिंग करत होते. आमच्या मराठी मंडळात तेव्हा चाळीसेक कुटुंबं होती. नव्या माणसाला तिथे नाव नंतर विचारत, आधी विचारत, "तुम्ही कशात?" उत्तरं ठरलेली असत. सिव्हिल, केमिकल, कार्डिऑलॉजी. सर म्हणायचे, "ग्रीकमध्ये." समोरचा म्हणायचा, "म्हणजे कन्सल्टिंग का?" एकदा कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "हो, पण काम काय करता?" सरांनी तितक्याच समजुतीनं उत्तर दिलं, "तेच मलाही कॉलेज विचारतं."

ते पुण्याहून संस्कृत शिकायला आले आणि वाटेत पाय घसरून ग्रीकमध्ये पडले, असं सुमनकाकू सांगायच्या. सुमनकाकू म्हणजे सरांची बायको. त्या एका फार्मसीच्या काउंटरवर काम करायच्या आणि घरातल्या सगळ्या व्यवहारी गोष्टी त्यांच्याच हातात होत्या. सरांच्या हातात फक्त खडू असायचा. प्रत्येक शर्टाचा खिसा आतून पांढरा झालेला. गाडी चालवायचे ती इतकी सावकाश की मागून हॉर्न वाजले की ते हात वर करून नमस्कार करायचे. न्यू जर्सीत बऱ्याच चौकांत डावीकडे जायचं असेल तर आधी उजवीकडे वळून वळसा घ्यावा लागतो. सर म्हणायचे, "हे राज्य माझ्यासाठीच बांधलंय."

रविवारी मंडळ मुलांचा मराठी वर्ग भरवायचं, गावच्या लायब्ररीतल्या एका खोलीत. श्लोक शिकवायला कुणी मिळेना म्हणून एका वर्षी ते काम सरांच्या गळ्यात पडलं. पहिल्याच रविवारी त्यांनी लायब्ररीच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंचं खोकं टेबलावर ठेवलं आणि मुलांना म्हणाले, "या खोक्याचा एक देव आहे. मला त्याचं नाव माहीत नाही. कुणाला माहितीये?"

मुलं इकडे जन्मलेली. मराठी समजायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. डॉक्टर देशकरांची नेहा, वय वर्षं आठ, तिनं हात वर केला. "सर, ही हॅज ओन्ली वन हँड."

"एकच हात? का बरं?"

"बिकॉज ही लॉस्ट अ ग्लव्ह, अँड द हँड वॉज स्टिल इन इट."

सर इतके खूश झाले की ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या रविवारी त्या देवाला आई मिळाली, ती म्हणजे बर्फ. बाप मिळाला, तो स्कूल बस. तिसऱ्या रविवारी देवाचं आपल्या भावाशी, टोप्यांच्या देवाशी, भांडण झालं आणि मुलांनी खोली तापवणाऱ्या रेडिएटरखाली एक हातमोजा ठेवला, देवाचा राग जावा म्हणून. त्याच संध्याकाळी डॉक्टर देशकरांचा फोन आला. डॉक्टर मूळचे नागपूरचे, भूलतज्ज्ञ, पण जागेपणी बोलायला मोठे तयार. "सर, काय शिकवून राहिले तुम्ही? नेहा घरी मोज्यांना नमस्कार करून राहिली नं!"

सरांनी विचारलं, "नैवेद्य काय दाखवते?"

श्लोकांचं काम सरांकडून काढून घेण्यात आलं. त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी विचारपूस करायला गेले, तर ते उलट आनंदात होते. "अगं मालती, तीन रविवार! तीन रविवारांत देव, त्याचं घराणं, भांडणं, व्रत, सगळं तयार. मी वीस वर्षं जे पुस्तकांत शोधतोय ते माझ्या डोळ्यांदेखत झालं."

हेच त्यांचं वेड होतं. ग्रीकांचे देव आले कुठून? देवळं नंतरची, पुतळे नंतरचे. त्याआधी गावोगाव फिरणारे गाणारे कवी होते आणि देवांना आज आपण ओळखतो ती रूपं, ती नाती, ते स्वभाव त्यांच्या गाण्यांत घडले. सर हे सांगायला लागले की समोरचं माणूस कोण आहे याचं त्यांना भान नसे. दूधवाला असो, डेंटिस्ट असो.

हायवेवर एका ग्रीक म्हाताऱ्याचं डायनर होतं. सर दर बुधवारी तिथे अंडी खायला जायचे आणि ऑर्डर प्राचीन ग्रीकमध्ये द्यायचे. यादवकाळातल्या मराठीत कुणी वडापाव मागावा तसा प्रकार. मालक मिस्टर स्ताव्रोस सुरुवातीला हसायचा, मग चिडायला लागला. एकदा मी बरोबर होते. सरांनी त्याला हेस्तियाबद्दल विचारलं. तो छातीवर क्रुसाची खूण करून म्हणाला, "प्रोफेसर, त्या सगळ्या सैतानांच्या गोष्टी. आम्ही सोडल्या. माझ्या आजीनं सोडल्या, तिच्या आजीनं सोडल्या." एवढं बोलून तो आत गेला आणि दार उघडं राहिलं. आत स्वयंपाकघरात, तळणीच्या वर, एका कोनाड्यात तेलाचा दिवा जळत होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग अंड्याचा एक तुकडा काढून बशीच्या कडेला ठेवला.

हेस्तियावर त्यांचा फार जीव. कारण तिची गोष्टच नाही. बाकीचे देव लढतात, पळवून नेतात, प्रेमात पडतात, कवींना त्यांच्याबद्दल किती सांगू नि किती नको होतं. ही चुलीजवळ बसून राहते. घरोघरी पहिला नैवेद्य तिचा, शेवटचाही तिचाच, पण कवींनी तिच्या वाट्याला दोन-चार ओळींपलीकडे काही दिलं नाही. "जी घर सोडत नाही तिच्याबद्दल गाणार काय?" सर म्हणायचे. त्यावर सुमनकाकू पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "कुणीतरी घरी बसायला हवं ना. सगळेच गोष्टीत गेले तर कुकर कोण बंद करणार?"

तर, सरांना एकच गोष्ट हवी होती. आमच्याच कॉलेजात वीस वर्षं ते पहिल्या वर्षाचं लॅटिन शिकवत आणि दोनशे मुलांच्या हॉलमध्ये 'पुराणकथा' नावाचा एक वर्ग घेत. त्यात मुलं डुलक्या काढायची. नोकरीही कधी पक्की झाली नाही, दरवर्षी नेमणुकीचं नवं पत्र. त्यांना शिकवायचा होता त्यांचा स्वतःचा विषय, आरंभीचे कवी आणि देवांचा जन्म. दरवर्षी अर्ज करायचे, दरवर्षी नकार यायचा. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या सत्रासाठी कुणाला तरी दया आली आणि होकार मिळाला. शनिवारी दुपारी, बाहेरच्या लोकांनाही खुला. अट एक: निदान आठ विद्यार्थ्यांची नावं लागली पाहिजेत.

जानेवारी उजाडला तरी तीनच नावं होती. सर ऑफिसात रोज माझ्याकडे डोकवायचे. विचारायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "आज थंडी आहे," आणि मी मान हलवायचे, नाही. मला ते बघवेना. शेवटी संक्रांतीच्या पॉटलकला मी चारचौघांत बोलून टाकलं.

डॉक्टर देशकर तिळगूळ चावता चावता थांबले. "आठ माणसं नं? आपण काय मेलो का?"

मंडळाला एकदा चेव आला की आला. डॉक्टर, पूल बांधणारे जोगळेकर आणि त्यांची बायको, दोन बालरोगतज्ज्ञ, एक रसायनशास्त्रज्ञ, एक बँकवाले, एक निवृत्त प्राचार्या. मोजून आठ. सोमवारी सगळे दोन गाड्यांतून कॉलेजात आले, फॉर्म भरले, जाताना कॅफेटेरियात कॉफी प्यायले आणि सरांना फोन करून सांगितलं, "सर, काम फत्ते. आता शिकवा तुमचे देव."

मी त्या दिवशी काउंटरवर नव्हते. असते तर ओरडले असते.

त्या फॉर्मवर एक चौकट असते. विषय ग्रेडसाठी घेताय की ऑडिट करताय? ऑडिट म्हणजे नुसतं बसायचं, ऐकायचं. परीक्षा नाही, मार्क नाहीत. आठच्या आठ जणांनी ऑडिटवर खूण केली होती. कारण उघड होतं. हे सगळे मेरिट लिस्टवाले. डॉक्टरांना सुवर्णपदक होतं, जोगळेकर बोर्डात आले होते, प्राचार्याबाईंनी तर जन्मभर दुसऱ्यांनाच नापास केलेलं. घरी मुलांनी प्रगतिपुस्तकात बी आणला की चेहरा पाडणारी ही माणसं. पन्नाशीत ग्रीक देवांत सी मिळाला तर मुलांना तोंड कसं दाखवायचं? त्यांनी एकमेकांना विचारलंही नसेल. प्रत्येकानं आपापली खूण गुपचूप केली.

आणि ऑडिटवाले आठात धरत नाहीत. यादीत त्यांची नावंच येत नाहीत.

वर्ग रद्द झाल्याचं पत्र मीच टाइप केलं. 'प्रिय प्रोफेसर करमरकर' इथपर्यंत आले आणि दोनदा चुकले, दोनदा कागद बदलला. साहेबांकडे गेले, गयावया केली. ते म्हणाले, नियम आहे. त्यांचंही बरोबर होतं. त्या तीन अमेरिकन मुलांना दुसरे विषय दिले. ऑडिटवाल्यांना पत्र पाठवायची पद्धत नव्हती, तेव्हा आठ जणांना कुणीच काही कळवलं नाही.

मी पत्र स्वतः नेऊन दिलं. सरांनी ते उभ्यानं वाचलं, घडी घातली, खडूच्या खिशात ठेवलं. मी म्हटलं, "सर, मी त्यांना आज फोन करते. अजून दोन दिवस आहेत. फॉर्म बदलून घेऊ."

"नको."

"अहो, नुसती एक खूण बदलायची."

"मालती, ती माणसं माझ्यासाठी शनिवारची झोप सोडून येणार आहेत. त्यांना सांगू की तुम्ही भ्यालात म्हणून माझा वर्ग गेला? आणि मग ती बिचारी मन मारून परीक्षेला बसणार?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. "नको. तू कुणाला बोलायचं नाहीस. शपथ आहे माझी."

मला त्यांचा राग आला. अजूनही थोडा येतो. वीस वर्षं हवी असलेली गोष्ट माणसानं अशी भिडेपायी सोडावी? पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि शपथ घातलेली होती. मी गप्प बसले.

संध्याकाळी सरांनी आठही जणांना फोन केले. "अहो, कॉलेजातलं हीटिंग बिघडलंय. दुरुस्तीला वेळ लागेल म्हणतात. माझ्याकडे बेसमेंट आहे, तिथेच भरवू वर्ग."

त्या बेसमेंटमध्ये सरांच्या मुलीच्या लहानपणीचं एक पिंगपाँग टेबल होतं, वॉशिंग मशीन होतं आणि काकूंच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. सरांनी कुठून तरी फळा पैदा केला. मीही शनिवारी जाऊन मागे बसायचे. घरातून खाली यायला जिना होता, पण सरांनी त्या जिन्यावरून एकदाही वर्गात पाऊल टाकलं नाही. एकला पाच मिनिटं असताना ते कोट-टाय घालून, हातात बॅग घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडायचे, बर्फातून घराला वळसा घालायचे आणि मागच्या अंगणातल्या दारानं आत यायचे. बूट झटकायचे, हजेरी घ्यायचे. काकू वरून म्हणायच्या, "अहो, निमोनिया होईल." सर म्हणायचे, "वर्गाला जिन्यावरून येत नसतात."

काय शिकवायचे! मला तेव्हाचं अजून आठवतं. गावोगावचे देव वेगळे होते, ते म्हणायचे. एका गावचा देव ओकच्या झाडात राहायचा, एकाचा सापाच्या रूपात, एक देवी म्हणजे नुसता दगड. कवी एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा. त्याचं गाणं सगळीकडे चाललं पाहिजे ना? मग त्यानं याला त्याचा भाऊ केलं, हिला तिची लेक केलं, सगळ्यांना एका डोंगरावर एका घरात नेऊन बसवलं. "एका रेशनकार्डावर घेतलं म्हणा," सर म्हणाले आणि जोगळेकर खो खो हसले. "हसू नका. आपल्याकडे नाही का, वेशीवरच्या शेंदूर फासलेल्या दगडाचं कुणीतरी माहात्म्य रचतं आणि तो थेट शंकराचा अवतार होतो? दगडाला विचारलं होतं का कुणी?"

एका शनिवारी डॉक्टर अस्वस्थ झाले. ते दर सोमवारी उपास करणारे. "म्हणजे सर, कवींनीच बनवले देव? खोटे सगळे?"

सरांनी खडू खाली ठेवला. वॉशिंग मशीन फिरत होतं.

"डॉक्टर, नेहाचं बारसं कुणी केलं?"

"माझ्या बहिणीनं. इंडियाहून आली होती खास."

"बारा दिवस नेहाला नाव नव्हतं. म्हणजे नेहा नव्हती?"

"होती की. रात्ररात्र रडत होती."

"मग आत्या आली. पाळण्यात वाकून नाव सांगितलं, कुर्र केलं. तेव्हापासून सगळे तिला हाक मारायला लागले, हो ना? कवी म्हणजे देवांची आत्या. मूल कुणाचं, ते आत्यानं सांगायचं नसतं. ते तिला ठाऊकही नसतं. पण ती आली नसती तर आपण हाक काय मारली असती?"

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. ते आता सगळंच लिहून घ्यायला लागले होते. प्राचार्याबाई घरून प्रश्न काढून आणत. जोगळेकरांनी देवांच्या वंशावळीचा ड्रॉइंग शीटवर नकाशा काढला, मोजमापांसकट. फेब्रुवारीत हिमवादळ आलं त्या शनिवारी मला वाटलं कुणी येणार नाही. आठही आले. बँकवाले तर अर्ध्या वाटेवर गाडी सोडून चालत आले आणि वॉशिंग मशीनवर पाय टेकवून मोजे वाळवत बसले.

आणि दर शनिवारी निघताना कुणी ना कुणी म्हणायचं, "सर, आम्ही आठ जण आलो म्हणून हा कोर्स वाचला." सर हात जोडून म्हणायचे, "तुमचे उपकार." मी जिन्याकडे बघायचे.

असं एप्रिलपर्यंत चाललं. चेरी फुलल्या, लोकांनी खिडक्या उघडल्या. डॉक्टर देशकरांचं डोकं उकळायला लागलं होतं. एका सोमवारी ते ऑफिसात काउंटरशी येऊन उभे राहिले, हातात टाइप केलेला दोन पानी तक्रार अर्ज. "मालती, तुझ्या साहेबाला बोलाव. तीन महिने हीटिंग रिपेअर करून राहिले? इतक्या मोठ्या विद्वानाला घरच्या बेसमेंटमध्ये शिकवायला लावता, लाज नाही वाटत? मी कॉलेजच्या प्रेसिडेंटकडे जाईन, कॅन्सल करून टाकेन सगळ्यांचं डोनेशन."

मी त्यांना बाजूच्या बाकावर नेलं. शपथ मोडली. काय करणार? तो अर्ज आत गेला असता तर सरांची शोभा झाली असती.

"हीटिंग कधी बिघडलंच नव्हतं, डॉक्टर."

त्यांना कळायला वेळ लागला. मी फॉर्म दाखवले. आठ खुणा.

"ऑडिट धरत नाहीत?"

"नाही."

"म्हणजे आम्ही..." ते थांबले. अर्जाची घडी घालायला लागले, ती नीट बसेना. "आणि आम्ही दर शनिवारी त्यांना सांगून राहिलो की आम्ही वाचवला."

एवढ्या मोठ्या माणसाला मी कधी इतकं लहान होऊन बसलेलं पाहिलं नव्हतं. मग ते उठले, मला म्हणाले, "सरांना बोलू नको मला कळलं म्हणून," आणि गेले.

पुढच्या शनिवारी हजेरी झाल्यावर डॉक्टर उभे राहिले. बाकीचे सात जण खाली बघत होते, त्यावरून मला कळलं की सगळ्यांना कळलंय.

"सर, आम्हांला परीक्षा पाहिजे."

"ऑडिटला परीक्षा नसते, डॉक्टर."

"नसू द्या. आम्ही ठरवलं. रीतसर पेपर, तीन तासांचा. ग्रेडसकट. सवलत नको."

सर खडू हातात धरून उभे. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, सावकाश, हजेरी घेत असल्यासारखं. माझ्याकडेही पाहिलं आणि मी मान वळवली. त्यांना उमगलं असणार. पण त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. आपल्या माणसांची ही रीत मला कधी कधी फार छळते, पण त्या दिवशी मला भरून आलं.

"पुढच्या शनिवारी दीड वाजता," सर म्हणाले. "पेन आपापलं आणायचं."

पेपर मी टाइप केला, म्हणून मला बसता आलं नाही. प्रश्न एकच होता: कवींनी गाण्याआधी देव कसे असतील ते लिहा. जिथे माहीत नसेल तिथे माहीत नाही असं लिहा. त्यालाही मार्क आहेत.

त्यानंतर दोन आठवड्यांत अरुणची बदली झाली आणि आम्ही ओहायोत डब्लिनला गेलो. निघायच्या गडबडीत सरांकडे जायचं राहून गेलं. उन्हाळ्यात ते आणि काकू पुण्याला गेले आणि तिथेच राहिले. पाच वर्षांनी सर गेल्याचं डॉक्टरांनीच फोनवर सांगितलं. बोलता बोलता, विषय नसताना, आपल्याला सी मिळाला होता हेही सांगितलं, आणि सांगताना आवाज थोडा ताठ होता. म्हणजे मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्या परीक्षेच्या दुपारीच.

मी आणि सुमनकाकू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो होतो. खाली पिंगपाँग टेबलाभोवती सहा जण, जोगळेकर इस्त्रीच्या टेबलाशी, प्राचार्याबाई वॉशिंग मशीनवर वही ठेवून उभ्यानंच लिहीत. काकूंनी पुरवण्या बांधायला दोरे कापून ठेवले होते. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत असायचे तसे. सरांनी त्या दिवशी नवा कोट घातला होता. ते मधल्या जागेतून फिरत होते, हात मागे बांधून. लाकडी फरशीवर बुटांचा आवाज होतो म्हणून त्यांनी बूट काढून ठेवले होते, मग मोजेही काढले. पन्नाशीची, साठीची डोकी वह्यांवर वाकलेली. कुणी पेन चावतंय, कुणी बोटं मोडतंय. सर एकेकाच्या मागे थांबायचे, वाचायचे नाहीत, नुसते थांबायचे आणि पुढे जायचे.

साडेचार वाजले. भिंतीवरचं घड्याळ सरांच्या अगदी समोर होतं. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "वेळ संपली गं." सर घड्याळाकडे बघत उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, काहीतरी म्हणणार असं वाटलं, आणि मिटले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणी मान वर केली नाही. आणि मग डॉक्टर देशकरांनी, डोकं वहीतच, डावा हात वर केला.

"सर, पुरवणी."

सरांनी गठ्ठ्यातला एक कागद उचलला, दोरा घेतला आणि अनवाणी पायांनी त्यांच्याकडे गेले.